लेखा विभागातून लेखनाकडे : एका वर्षाची नोंद

मी लेखा विभागात काम करते. आकडे, व्हाउचर, ताळमेळ. ‘लेखातून लेखनाकडे कधी वळलीस?’ हा विनोद ऑफिसात माझ्यावर इतक्यांदा झालाय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आत मीच तो करून टाकते.

2024 मध्ये मी रोज थोडं लिहायचं ठरवलं आणि बऱ्यापैकी पाळलं. वर्षाअखेर पाच कथा पूर्ण झाल्या, त्यातली एक स्वीकारली गेली. एवढाच जमाखर्च. पण सुरुवात करताना मला जे वाचायला हवं होतं ते कुठे सापडलं नाही. गाडी कितव्या दिवशी रुतते, रुतली की काय करायचं, ‘सुचतं’ म्हणजे नेमकं काय आणि कुठून सुचतं, हे कुणी धड सांगेना. मिळायचं ते ‘आतून यायला हवं’, नाहीतर ‘शिस्त हवी’. दोन्ही खरंच आहे, पण भल्या पहाटे कोऱ्या पानासमोर बसलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

त्याआधीची अकरा वर्षं मी ‘सुचलं की लिहीन’ या तत्त्वावर काढली. त्या काळातल्या चार वह्या कपाटात आहेत. प्रत्येकीची पहिली तीन-चार पानं भरलेली, पुढे सगळी कोरी. सुरुवात करण्याआधी त्या काढून वाचल्या. ‘एकाकीपणावर काहीतरी.’ ‘आई-मुलीचं नातं, वेगळ्या कोनातून.’ ‘काळ हाच नायक?’ प्रश्नचिन्हासकट. आधी हसू आलं, मग जरा वाईट वाटलं. या वह्यांकडे पुन्हा येईन.

सुरुवात 8 जानेवारीला, सोमवारी केली. एक तारीख मुद्दाम टाळली, कारण एक तारखेचे माझे संकल्प चार तारखेपर्यंत आटोपतात असा पूर्वानुभव होता. ठरवलं ते असं : पहाटे साडेपाचला उठायचं, तासभर बसायचं, पाचशे शब्द. हा आकडा मी कुठून आणला? अँथनी ट्रोलपबद्दल वाचलं होतं. हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा आणि कामावर जायच्या आधी पहाटे लिहायचा. समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला 250 शब्द. नोकरदार माणसाला हे वाचून स्फुरण चढणं साहजिक आहे. मी पाव तासाला सव्वाशेच धरले, म्हणजे स्वतःला निम्मी सूट दिली, असं समजून खूश होते. एक गोष्ट नजरेआड केली. ट्रोलपने पहाटे उठवण्यासाठी एक नोकर ठेवला होता आणि त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा. मला उठवायला मोबाइल होता, आणि मोबाइलला एका बोटाने गप्प करता येतं.

पहिल्या दिवशी 540 शब्द. दुसऱ्या दिवशी 510. चौथ्या दिवशी 90, आणि तेही ‘आज थंडी आहे’ छापाचे. सातव्या दिवशी पन्नास मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले. नवव्या दिवशी उठलेच नाही. दहाव्या दिवशी उठले ती थेट आंघोळीला गेले, टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. ज्याच्याकडून उसनं घेतलंय त्या माणसाच्या दारावरून आपण जसे मान खाली घालून जातो, तसं.

पाचशे शब्द अवघड नव्हते. कसले पाचशे, हे ठाऊक नव्हतं. ट्रोलपकडे लिहीत असलेली कादंबरी आणि तिची पात्रं तरी असायची. माझ्याकडे ‘एकाकीपणावर काहीतरी’ होतं. 18 जानेवारीला आकडा खाली आणला : वीस मिनिटं आणि दीडशे शब्द. काय लिहायचं यावर बंधन नाही, ‘सुचत नाही’ असं शंभरदा लिहिलं तरी हजेरी लागली. दुसरा बदल जास्त उपयोगी पडला. घड्याळाची वेळ काढून टाकली आणि तोंड धुतलं की थेट खुर्चीत, असं केलं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1999 साली यावर लिहिलेलं आहे. ‘मी अमुक करणार’ असं नुसतं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. माझ्या बाबतीत पटलं. उशीर झाला, सुट्टी असली, परगावी असले, तरी तोंड तर धुतलंच जातं.

मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत. हा नियम मी चारदा मोडून पाहिला आणि चारही वेळा वीस मिनिटांतली सोळा गेली. अजून करून पाहायची गरज नाही.

पेशाने हिशेबनीस असल्यामुळे पहिल्या दिवसापासून एक रजिस्टर ठेवलं. तारीख, किती मिनिटं, किती शब्द, शेरा. शेरा एका ओळीचा. ‘कंटाळा.’ ‘बरं.’ ‘काकूंचा आवाज जमला.’ ‘डोकं दुखतंय, तरी.’ हे रजिस्टर माझं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे असं नवरा म्हणतो. त्याने बाकीचं फारसं वाचलेलं नाही, हेही सांगायला हवं.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलं की बाविसाव्या दिवशी मी आपोआप उठेन अशी खात्रीच होती. बाविसावा दिवस आला आणि पांघरूण तेवढंच जड. मग शोधलं. हे एकवीस दिवस मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनने 1960 साली लिहिलेल्या एका निरीक्षणातून आले. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान एवढे दिवस लागतात, असं ते होतं. ‘किमान’ वाटेत गळलं आणि नाकाचा हिशेब सगळ्यांच्या सगळ्या सवयींना लागू झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना घेऊन खरोखर मोजलं; तो अभ्यास 2009 मध्ये आला. सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस, कुणाला 254 दिवसांपर्यंतचा अंदाज, आणि मधला आकडा 66. त्यातली मला सर्वात दिलासा देणारी गोष्ट वेगळीच होती. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या वेगात फारसा फरक पडत नव्हता. मी ते रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. माझा 66 वा दिवस 13 मार्चला आला. शेरा : ‘ताप. 40 शब्द. बसले.’ तोवर मधले अकरा दिवस चुकले होते.

आता सुचण्याबद्दल.

मार्चपर्यंत मी लिहीत होते ते डायरीवजा. आजूबाजूचं वर्णन, भांडणं, ऑफिस. कथा नाही. माझी समजूत अशी होती की कथेची कल्पना म्हणजे एक मोठी, आशयाने भरलेली गोष्ट असते, ती एक दिवस येणार आणि मी तिला ओळखणार. जुन्या वह्यांतल्या नोंदी तशाच होत्या, सगळे विषय. आणि विषयाला हातपाय नसतात. ‘एकाकीपणा’ सकाळी उठून काय करतो? कुठे बसतो? त्याची चप्पल कुठली?

21 मार्चला सासूबाईंना डोळे तपासायला घेऊन गेले होते. टोकन घेऊन नोंदणीच्या खिडकीपाशी उभी होते. माझ्या पुढे पंचावन्नच्या आसपासची एक बाई फॉर्म भरत होती. पेन खिडकीला दोरीने बांधलेलं, दोरी आखूड, त्यामुळे ती जरा वाकडी होऊन लिहीत होती. रुग्णाचं नाव तिने पटकन लिहिलं. वय न आठवता लिहिलं. पत्ता तर डोळे मिटून लिहिल्यासारखा. मग ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यापाशी थांबली. ‘शेजारी’ लिहिलं. त्याकडे बघत राहिली. मग एकच आडवी रेघ, पट्टीने मारल्यासारखी सरळ, आणि वर ‘बहीण’. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला आणि मी सासूबाईंचा हात धरून आत गेले.

परत आल्यावर वहीत लिहिलं. या वेळी फक्त पाहिलेलं लिहिलं : दोरी, वाकडं उभं राहणं, न अडखळता लिहिलेला पत्ता, ती सरळ रेघ. ‘नात्यांची व्याख्या’ वगैरे शब्द हातात आले होते, लिहिले नाहीत. का लिहिले नाहीत ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. अर्थ लिहून टाकला असता तर तिथेच काम संपलं असतं, पुन्हा त्या नोंदीकडे जायचं कारणच उरलं नसतं.

त्या दिवसापासून टिपणवहीचा नियम बदलला. दिसलं-ऐकलं तेवढंच टिपायचं, अर्थ लावायचा नाही. ‘लिफ्टमध्ये एक माणूस आरशाला पाठ करून उभा राहतो, रोज.’ ‘फोनवर एक मुलगी रडत रडत पत्ता नीट समजावून सांगत होती.’ ‘निवृत्त झालेले साहेब अजून अकरा वाजता आपल्या जुन्या टेबलाशी येतात, बसत नाहीत.’ अशा नोंदी वर्षभरात 143 झाल्या. त्यातल्या दहा-बाराच पुढे कामाला आल्या. बाकीच्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही, टिपायची सवय त्यांच्यावरच लागली.

एप्रिलमध्ये एक चूक दोनदा केली. लिफ्टमधल्या माणसावर एक छान जुळणी मनात झाली होती, ती मी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना सांगितली. रंगवून सांगितली. ‘अगं, भारीच आहे, लिही ना!’ सगळ्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसले तर आत काही नाही. सांगताना मिळायचं ते सगळं मिळून गेलं होतं. तरीही पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका कथेचं तेच केलं. आता पहिला खर्डा पुरा होईपर्यंत कुणालाही काही सांगत नाही. विचारलंच तर ‘चाललंय काहीतरी’.

याच्या उलट बाजूचा एक किस्सा नंतर वाचनात आला. हेन्री जेम्स हा अमेरिकन कादंबरीकार एकदा जेवणाच्या पंगतीत बसला असताना शेजारच्या बाईंनी बोलता बोलता एक आई आणि मुलगा घरातल्या सामानसुमानावरून भांडत असल्याचं सांगितलं. जेम्सला तिथेच कथाबीज दिसलं. बाई पुढची हकिगत सांगत राहिल्या आणि जेम्सला ती नकोशी झाली. त्याला तेवढा एक कणच हवा होता. खऱ्या आयुष्यात पुढे जे घडलं ते कथेच्या दृष्टीने भोंगळच होतं. हे वाचलं आणि फॉर्म भरणाऱ्या त्या बाईशी आपण बोललो नाही याची चुटपुट गेली.

पण एक कण म्हणजे कथा नव्हे, हेही सांगायला हवं, कारण मी त्या रेघेवर साडेतीन महिने अडून राहिले. एप्रिल-मेमध्ये सहा वेळा सुरुवात केली. प्रत्येक वेळी बाई खिडकीपाशी उभी, रेघ मारते, आणि मग? मग मी तिच्या तोंडी भाषण घालायचे. जून तर पुरता कोरडा गेला. 3 ते 23 जून, एकवीस दिवस. (हे एकवीस मात्र अस्सल.) रजिस्टरमध्ये ओळीने ‘काही नाही’, ‘काही नाही’. बसत होते, हजेरी लागत होती, दीडशे शब्दही होत होते, पण चव गेल्यासारखं. या काळात ऑफिसातून येताना दोन थांबे आधी उतरून चालायला लागले. मारिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ या स्टॅनफर्डच्या संशोधकांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चालताना लोकांना जास्त नवं सुचलं होतं, पण एकच नेमकं उत्तर शोधायच्या कामात चालण्याचा फायदा दिसला नव्हता. माझाही अनुभव तोच. चालताना पाच गोष्टी सुचतात, त्यांतली कुठली ठेवायची ते खुर्चीतच कळतं. चालता चालता घेतलेले सगळे ‘ठाम’ निर्णय मी दुसऱ्या दिवशी फिरवलेत.

9 जुलै, मंगळवार. काहीच सुचत नव्हतं म्हणून टेबलावर समोर दिसेल त्याचं वर्णन करायला घेतलं. किल्ल्यांचा जुडगा होता. सात किल्ल्या. एकेक लिहीत गेले : दाराची, कपाटाची, लॉकरची, ऑफिसच्या ड्रॉवरची... एक पितळी किल्ली कशाचीच नव्हती. कितीतरी वर्षं जुडग्यात आहे, कुलूप कुठलं ते घरात कुणालाही आठवत नाही, टाकवतही नाही. लिहिता लिहिता शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या किल्लीची आठवण झाली. आपण बाहेर गेलो की अडीअडचणीला शेजारी एक किल्ली असते ना, ती. आणि वाक्य खाली उतरलं : ‘बावीस वर्षं तिच्याकडे समोरच्या घराची किल्ली होती आणि एकदाही तिने ते दार उघडलं नव्हतं.’

मी पेन खाली ठेवलं. रेघ मारणारी बाई हीच. फॉर्मवरचा पत्ता ती न अडखळता लिहिते, कारण त्यात फक्त घराचा नंबर बदलतो.

त्या दिवशी वीसऐवजी पंच्याहत्तर मिनिटं झाली, ऑफिसला उशीर, रजेचा अर्धा दिवस गेला. शेरा : ‘!’

नंतर मागे वळून पाहिलं तर माझ्या पाचही कथांत हेच झालंय. पहिली गोष्ट एकटी येते आणि नुसती पडून राहते. मग तिच्याशी काडीचा संबंध नसलेली दुसरी येते आणि दोघींची कुठेतरी कड जुळते. रेघ 21 मार्चची, किल्ली 9 जुलैची, मध्ये 110 दिवस. ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने 1926 साली निर्मितीच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : तयारी, मग विषय बाजूला पडून मनात मुरणं, मग उजेड, मग तपासणी. यातल्या मुरण्याच्या काळाला मी आळस म्हणत होते. पण आणखी एक सांगते, कारण ‘मुरू दे’ म्हणत मी अकरा वर्षं काढलेली आहेत. किल्ली मला सोफ्यावर सुचली नाही. टेबलावरच्या फुटकळ वस्तूंचं रटाळ वर्णन करत असताना, पेन हातात असताना सुचली. तेव्हा त्या कोरड्या जूनबद्दल माझं मत आता बदललं आहे.

पहिला खर्डा 11 ऑगस्टला संपला. रोज थांबताना वाक्य अर्धं सोडायचं, ही युक्ती या महिन्यात लागू पडली. पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबावं, हा हेमिंग्वेचा सल्ला. मी तो हिशेबाच्या पद्धतीने घेतला : उद्याची सुरुवातीची शिल्लक आजच काढून ठेवायची. संपूर्ण परिच्छेद लिहून, समाधानाने वही मिटून उठलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून. ‘तिने दार ढकललं आणि’ एवढ्यावर उठलं की दिवसभर मन त्या ‘आणि’पाशी घुटमळत राहतं.

खर्डा वाईट होता. खिडकीपासून सुरू, मग ‘तिला ते दिवस आठवले’, मग बावीस वर्षं ओळीने. तिसऱ्या खर्ड्यात सुरुवात बदलली : दुपारची वेळ, समोरच्या बंद दाराआड नळ वाहतोय, थांबत नाही. हिच्याकडे किल्ली आहे. उघडावं का? इथून सुरू केल्यावर बावीस वर्षं सांगावी लागली नाहीत, तिच्या दारासमोर घुटमळण्यातच ती आली.

मग भाषा. कथा मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि भांडी आवरताना ऐकली. शरमच वाटली. एका पानात चौदा वाक्यं ‘होतं’, ‘होती’, ‘होता’वर संपत होती, ऐकताना कुणीतरी पायरी पायरी उतरतंय असं वाटावं. काही ठिकाणी नुसतं क्रियापद बदललं, काही वाक्यं जोडली, काही ‘होतं’ तशीच ठेवली, कारण सगळी काढल्यावर कथा धापा टाकायला लागली. आणि माझ्या पात्राच्या तोंडी ‘परंतु’ होता. दारात उभं राहून शेजारणीला हाक मारणारी कुठली बाई ‘परंतु’ म्हणते?

याच सुमारास एक कटू प्रसंग झाला. दुसऱ्या एका कथेत मी ताईच्या लग्नानंतरच्या दिवसांतली एक गोष्ट घेतली होती, नाव-गाव बदलून. तिला वाचायला दिली. दोन दिवस काहीच बोलली नाही. मग फोनवर म्हणाली, “बाकी सगळं बदललंस, पण मी आरशासमोर जे म्हणाले ते तसंच ठेवलंस. ते मी फक्त तुला सांगितलं होतं.” मी म्हटलं, “ताई, काढते.” ती म्हणाली, “काढ.” ते वाक्य काढल्यावर कथा उभी राहीना, म्हणून कथाच बाजूला ठेवली. म्हणून पूर्ण झालेल्या कथा सहा नाहीत, पाच. आता जवळच्या माणसाचं काही घेणार असले तर लिहायच्या आधी विचारते.

कथा पाठवण्याची प्रक्रिया माझ्या पेशाला साजेशी निघाली. पहिल्या ठिकाणी 2 सप्टेंबरला पाठवायला बसले. नियम असे : शब्दमर्यादा तीन हजार, युनिकोडमध्ये टंकलिखित वर्ड फाइल, कथेच्या पानावर लेखकाचं नाव नको, नाव-पत्ता वेगळ्या पानावर, कथा अप्रकाशित आणि स्वतंत्र असल्याचं सही केलेलं हमीपत्र, आणि निर्णय होईपर्यंत तीच कथा दुसरीकडे पाठवायची नाही. माझी कथा 3,420 शब्दांची. 460 शब्द कापायला नऊ दिवस लागले. गंमत म्हणजे एकही प्रसंग गेला नाही. गेली ती सगळी ‘जणू’, ‘कदाचित’, ‘तिला वाटलं’ अशी भरताड. 11 सप्टेंबरला पाठवली. 17 ऑक्टोबरला दोन ओळींचा नकार आला. कारण दिलेलं नव्हतं. त्या दिवशीचा शेरा मी इथे देत नाही.

दुसऱ्या ठिकाणी युनिकोड चालत नव्हतं, जुन्या पद्धतीचा फॉन्ट हवा होता. रूपांतर केलं तर ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘किनाऱ्या’ सगळ्यांतला ‘ऱ्य’ फुटला आणि रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. एक सबंध रविवार एकेक शब्द हाताने दुरुस्त करण्यात गेला. कुणाला हे करावं लागलं तर रूपांतर झालेली फाइल छापून, कागदावर तपासा. पडद्यावर डोळा आपोआप बरोबर तेच वाचतो. आणि पाठवल्याची तारीख, फाइलचं नाव, उत्तराची मुदत एका पानावर लिहून ठेवा, नाहीतर कुठली आवृत्ती कुठे गेली ते महिन्याभरात सांगता येत नाही. मी हिशेबनीस असूनही एकदा चुकून दुसरा खर्डा पाठवला आहे. या ठिकाणी ‘दोन महिन्यांत उत्तर न आल्यास नकार समजावा’ असं होतं. मी 21 ऑक्टोबरला पाठवली, आणि 21 डिसेंबरला नकार समजले.

तिसरीकडे 23 डिसेंबरला पाठवली आणि विसरायचं ठरवलं. विसरले नाही. रोज मेल बघत होते, दिवसातून तीनदा. वाट बघण्यावर मला एकच उपाय सापडला, तो म्हणजे दुसरी कथा अर्धी झालेली असणं. 6 फेब्रुवारी 2025 ला उत्तर आलं : कथा घेत आहोत, शेवटचा परिच्छेद काढावा ही विनंती. शेवटच्या परिच्छेदात मी ती रेघ म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. वहीत न लिहिलेला अर्थ कथेत मात्र हळूच घातला होताच. तीन दिवस मी रुसून बसले. मग परिच्छेद झाकून कथा वाचली आणि होकार कळवला.

वर्षाचा ताळेबंद असा. 8 जानेवारी ते 31 डिसेंबर 2024 हे 359 दिवस, त्यातले लिहिलेले 287. एकूण शब्द साधारण 71,000. पाच कथांत उरलेले 13,600, म्हणजे पाचवा हिस्साही नाही. खर्च म्हणाल तर तीन वह्या, थोडीफार झोप, रात्रीची एक मालिका, रजेचे अडीच दिवस आणि ताईशी महिनाभराचा अबोला. चुकलेले 72 दिवस नीट पाहिले तर सुटे चुकलेले थोडेच. बहुतेक तीन-चार दिवसांच्या गठ्ठ्यांनी गेलेत. एक दिवस चुकला की काही होत नाही, दुसऱ्या दिवशी मात्र ‘आज तरी पाच ओळी’ म्हणून मी आता बसतेच.

अंक हातात आला तेव्हा मुलीने कथा वाचली आणि विचारलं, “आई, मग ती बाई खरंच बहीण नव्हती?” मला माहीत नव्हतं. मार्चमधली ती नोंद पुन्हा काढली. पानाच्या तळाशी, घाईत, बहुधा त्याच रात्री लिहिलेली एक ओळ होती. ती मी पार विसरले होते, कथेत कुठेच आली नव्हती : ‘आत जाताना मागे वळून पाहिलं. खिडकीतल्या माणसाने खाडाखोड बघून तिला नवीन फॉर्म दिला.’

त्यावर तिने काय लिहिलं, ते मी पाहिलेलं नाही. ही ओळ नव्या वहीत उतरवून ठेवली आहे.